दहा सेकंदांची खिडकी

डॉ. वसुधा इंगवले यांना आयुष्यात इतके कमी मार्क कधी पडले नव्हते. शाळेत नाही, मिरजेला एम.डी. करताना नाही, लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखालीसुद्धा नाही. आणि आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एकतीस वर्षं कोल्हापूरकरांची मनं सांभाळून झाल्यावर, लागोपाठ पाचव्या सोमवारी टेबलावरच्या पाटीनं त्यांना शंभरापैकी बावीस दिले होते.

"बरं वाटतंय ना बापूसो?" त्यांनी विचारलं.

"बरं हाय की," बापूसो म्हणाले.

पाटीवरचा आकडा एकविसावर आला.

बापूसो चौगुले म्हणजे बावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारा माणूस. भोगावतीकाठच्या एका गुऱ्हाळावर ते गुळव्या होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत तासन् तास उकळत असतो, तो नेमका कोणत्या क्षणी गूळ झाला हे रसाच्या थेंबाची बोटावर गोळी वळते का यावरून ओळखून "उतरवा!" अशी हाक द्यायची, हे गुळव्याचं काम. हाक लवकर आली तर गूळ बसत नाही, उशिरा आली तर करपतो. जिल्ह्यातल्या बहुतेक गुऱ्हाळांवर आता हे काम तापमान मोजणारी यंत्रं करत होती, पण बापूसोंच्या मालकानं ते यंत्र कधी घेतलंच नाही. बापूसो असताना कशाला, असं तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी काहील उतरवताना साखळीची कडी सुटली आणि चुलाणात चिपाडं सारणारा बाळू मगदूम दोन्ही पायांनी गुडघ्यापर्यंत भाजला. बाळू वाचला, गावातच किराणा दुकान टाकून बसला. बापूसोंचं मात्र भलतंच झालं. त्यांच्या तोंडून ती हाक निघेना. काहिलीजवळ गेलं की छाती धडधडायची, घाम फुटायचा, घसा आवळायचा. झोप गेली, भूक गेली. वसुधाबाईंनी गोळ्या दिल्या तशी झोप आली, भूकही आली. हाक काही आली नाही.

गोळीनं जे होत नाही ते बोलून होतं, यावर वसुधाबाईंचा विश्वास होता. पण बोलायला समोरच्यानं तोंड तर उघडायला हवं! बापूसो यायचे, टोपी काढायचे, "व्हय", "न्हाई", "बरं हाय" एवढ्या भांडवलावर पाऊण तास रेटायचे आणि विजेवरची एसटी धरून परत जायचे.

"पुढच्या सोमवारी याल ना?" बाईंनी विचारलं.

"येतो की," म्हणून त्यांनी बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि ते गेले.

त्या अंगठीपाशीच सगळं घोडं अडलं होतं.

'मेळ' नावाचं हे प्रकरण येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यामागचं शास्त्र तसं साधं. दोन माणसं समोरासमोर बसली आणि एक जण मनापासून ऐकू लागला, की दोघांची शरीरं नकळत एकमेकांच्या चालीनं चालू लागतात. श्वास एका लयीत यायला लागतात. हृदयाचे ठोकेही काही घड्याळासारखे समान अंतरावर पडत नाहीत; दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं किंचित कमीजास्त होत असतं, आणि हे कमीजास्त होणंसुद्धा दोघांचं मिळतंजुळतं होऊ लागतं. आई आणि तान्ह्या बाळात हे घडतं. उपचार चांगला चालला असेल तर डॉक्टर आणि पेशंटमध्येही घडतं. हे फार आधीपासून ठाऊक होतं, अडचण होती ती मोजण्याची. पूर्वी अंगाला वायरी चिकटवाव्या लागत, आणि वायरींनी जखडलेला माणूस मन मोकळं करणार तरी कसं? मग अंगठ्या आल्या. एक डॉक्टरच्या बोटात, एक पेशंटच्या. नाडी, श्वास, त्वचेचा ओलावा, सगळं त्या टिपून घेत.

आता एकाच्या शरीरातली हालचाल दुसऱ्याच्या शरीरात उमटायला थोडा वेळ लागतोच. म्हणून मेळ हे यंत्र दोघांचे आलेख मागंपुढं सरकवून बघायचं. एक सेकंद सरकवलं तर जुळतात का? दोन सेकंद? असं दहापर्यंत. त्याला सगळे दहा सेकंदांची खिडकी म्हणत. त्या खिडकीत जे जुळलं त्याचे शंभरापैकी गुण टेबलावरच्या पाटीवर उमटत, उरलेलं जमेला नाही.

हजारो उपचारांचा हिशेब निघाला आणि दिसलं ते असं, की ज्यांचा मेळ चांगला, ते पेशंट लवकर सुधारतात. मग राज्याच्या मनोपचार मंडळानं नियम केला. सलग सहा बैठकांत मेळ तिसाच्या वर गेला नाही, तर पेशंट दुसऱ्या उपचारकाकडे सोपवायचा. उगाच एकाच दारात त्याची दोनचार वर्षं कुजायला नकोत. नियम शहाणपणाचाच होता. आणि खरं सांगायचं तर तो मंजूर झाला तेव्हा सल्लागार समितीत हात वर करणाऱ्यांत वसुधाबाई पहिल्या होत्या. त्यांचा स्वतःचा मेळ पासष्ट-सत्तरच्या खाली कधी येत नव्हता ना!

आता एकच सोमवार उरला होता. बापूसो दुसरीकडे जाणार नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बायकोनं सहा महिने मागं लागून त्यांना या एका दारापर्यंत आणलं होतं. इथून सोपवलं की ते सरळ घरी जाऊन बसणार, आणि पुन्हा कधी काहिलीपाशी उभे राहणार नाहीत.

*

दर गुरुवारी दुपारी वसुधाबाईंचा दवाखाना पेशंटसाठी बंद असे आणि मागच्या खोलीत चौघांची बैठक बसे. स्वतः बाई, नझनीन मुल्लाणी ही चौतीस वर्षांची मानसतज्ज्ञ, केदार नेर्लेकर हा तरुण मनोविकारतज्ज्ञ, ज्याचा मेळवर देवासारखा भरवसा, आणि दिगंबर सुतार, शाळेतून निवृत्त होऊन समुपदेशक झालेले, सगळ्यांचे सुतारसर. एकमेकांच्या अडलेल्या केसेस सोडवायच्या, एवढंच काम. मनाचे डॉक्टर दुसऱ्यांचं मन ओळखतात, पण आपण कुठं अडकलोय ते त्यांना बाहेरच्या कुणीतरी दाखवावं लागतं.

या बैठकीची एक रीत होती. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. आणि ज्याची केस असेल त्यानं पेशंटच्या खुर्चीत बसायचं आणि पेशंट होऊनच बोलायचं. 'माझा पेशंट असं म्हणतो' असं नाही, तर 'मी असं म्हणतो'. बाकीच्यांनी फक्त विचारायचं. खुर्चीतला माणूस उठेपर्यंत जो कुणी सल्ला देईल त्यानं पुढच्या गुरुवारचं भडंग आणायचं. सुतारसरांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नसे, त्यामुळं भडंग बहुतेक त्यांच्याच घरून येई.

"आज कोण?" नझनीननं विचारलं.

"मी," म्हणून वसुधाबाई खुर्चीत बसल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसत होत्या. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाईंनी डोळे मिटले, खांदे थोडे पुढं आणले, आणि नसलेली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी गुळव्या हाय," त्या म्हणाल्या.

नझनीननं विचारायला सुरुवात केली. घरी कोण असतं? झोप लागते का? बाई होत्या तशा उत्तरं देत गेल्या. मध्येच, बापूसोंच्या बायकोनं पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवून म्हणाल्या, "घरात माझी चेष्टा हुती. बायको म्हणती, ह्यास्नी आज विनोद सांगितला तर परवा हसत्यात." सगळे हसले आणि पुढं गेले.

"डॉक्टर कशा आहेत तुमच्या?" सुतारसरांनी विचारलं.

"चांगल्या हायत. लई शिकल्याल्या हायत."

"मग त्यांच्याशी बोलत का नाही तुम्ही?"

  गुडघ्यावरच्या त्या नसलेल्या टोपीची कड बाई बोटांनी दाबत राहिल्या. केदार काही विचारणार होता, नझनीननं त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"बोलायचं असतंय मला," बाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या. "मी मनात जुळवत असतो. तोंडापातूर येतंय. पण मी तोंड उघडणार तवर बाईंची नजर तिकडं जाती."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"त्या पाटीकडं. आणि मग त्या घाईघाईनं कायबाय बोलाय लागत्यात. मला वाटतंय, ऱ्हाऊ दे. बाई कामात हायत."

आपल्याच तोंडून हे काय आलं, ते बाईंना ऐकू आलं आणि त्यांनी डोळे उघडले. कानशिलं तापली होती. लाज वाटली, अगदी शाळकरी मुलीला वाटावी तशी सपशेल लाज.

"अगं बाई," त्या आपल्या आवाजात म्हणाल्या. "खरंच की गं नझनीन. तो गप्प झाला की आकडा घसरतो. आकडा घसरला की मी घाईनं बोलायला लागते, आणि तो मिटतो. म्हणजे आकडा पुन्हा घसरतो! पाच सोमवार मी हेच करतेय."

"तुम्ही उठला का खुर्चीतून?" सुतारसरांनी सावधपणे विचारलं.

"उठले. द्या सल्ला."

"तर मग पाटी भिंतीकडं फिरवून ठेवा, आणि वसुधाताई, तोंडाला कुलूप. इतकी वर्षं आम्हाला शिकवत आलात ते जरा स्वतःला लावा की!"

केदार मात्र चुळबुळ करत होता. "मॅडम, पण यात मेळची चूक नाही. त्यानं बरोबरच दाखवलं, जुळत नाही म्हणून."

"अरे, त्याला कोण नावं ठेवतंय?" बाई म्हणाल्या. "मान माझी वळत होती. त्याची नाही."

"आणि सहाव्यालाही आकडा वर नाही गेला तर?"

"तर तुझ्याकडे पाठवणार. नियम मीच केलाय ना!" बाईंनी मूठभर भडंग घेतलं, पण ते काही त्यांना खाववेना.

*

सोमवारी बापूसो आले, टोपी काढली, अंगठी चढवली. पाटीचं तोंड भिंतीकडं होतं. त्यांनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं, आणि खाली मान घातली.

"या आठवड्यात काही बोलावंसं वाटलं का?" बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या.

थांबणं किती अवघड असतं ते थांबणाऱ्यालाच ठाऊक! पहिलं मिनिट त्यांनी कसंबसं काढलं. दुसऱ्या मिनिटाला जीभ वळवळायला लागली. 'तुमची काही चूक नव्हती बापूसो' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. पाचही सोमवारी त्यांनी ते म्हटलं होतं. बाहेरून भंगारवाल्याची गाडी स्पीकरवर ओरडत गेली. बाईंची मान दोनदा भिंतीकडं वळायला गेली, दोनदा त्यांनी ती परत आणली. मग काय झालं कुणास ठाऊक, चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्यांच्या आतली घाई उतरली. पुढं काय म्हणायचं ते ठरवायचं त्यांनी सोडून दिलं. श्वास लांब झाला, खांदे सैल पडले, आणि समोर बसलेला माणूस त्यांना पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या उजव्या मनगटावर चटक्याचे जुने डाग होते. इतके दिवस कसे दिसले नव्हते?

अकरा मिनिटं झाली होती. बापूसो म्हणाले, "बाई, तुमी म्हणता माझी चूक न्हाई. गावबी म्हणतंय. पण मला कडी दिसली हुती."

बाईंची नजर त्यांच्यावरून हलली नाही.

"साखळीची कडी नीट बसली नव्हती. मला दिसलं. पण रस झाला हुता बाई. बोटावर गोळी झाली हुती, अशी सोन्यावानी. अजून एक मिनिट थांबलो असतो तर काहील करपली असती. मला वाटलं, बसंल कडी. आणि मी हाक दिली." त्यांचा आवाज फुटला. "तीस वर्सं माणसं माझ्या हाकंवर हालत्यात. बाळू बी हालला. मी गुळाकडं बघत हुतो. माणसाकडं न्हाई."

ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं बिनआवाजाचं रडणं, नुसते खांदे हलत होते. वसुधाबाईंचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. 'चूक नव्हती' म्हणायला आता तोंड नव्हतं, आणि तसं म्हणायची गरजही नव्हती.

"बापूसो," रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला तुमची माफी मागायचीय. पाच सोमवार मी त्या पाटीकडं बघत होते. तुमच्याकडं नाही."

बापूसोंनी मान वर केली. नाक पुसलं. पाटीच्या पाठीकडं बघितलं.

"म्हंजे तुमीबी व्हय!" ते म्हणाले आणि ओल्या डोळ्यांनी चक्क हसले.

"मीबी," बाई म्हणाल्या.

"बाळूला मी हे सांगितल्यालं न्हाई."

सांगा किंवा सांगू नका, असं दोन्ही बाई म्हणाल्या नाहीत. "हं," एवढंच म्हणाल्या. वेळ संपला तसे बापूसो उठले, टोपी घातली, आणि गडबडीत अंगठी बोटातच ठेवून निघून गेले.

त्यांच्या पाठीमागं बाईंनी पाटी फिरवली. मनात आशा होती, का नसावी? एवढं बोलला माणूस, एवढं रडला.

पाटीवर चौदा होते.

बाईंनी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मग मात्र त्यांना हसू आलं. त्यांना मनातून बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं कुठल्या पाटीला विचारून आलेलं नव्हतं. वाईट वाटत होतं ते एकाच गोष्टीचं, की आता या माणसाला हातचं सोडावं लागणार.

मंगळवारी त्यांनी अंगठीसाठी फोन केला. बापूसो म्हणाले, उद्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतो. बाईंनी सांगितलं, की अंगठी तुमच्या बोटात असेपर्यंत नाडी टिपतच राहिली असणार. तुमची हरकत नसेल तर मी ती नोंद बघेन, आणि माझे तीन सहकारी बघतील. नाही म्हणालात तर पुसून टाकेन.

"बघा की," बापूसो म्हणाले. "नाडीच हाय न्हवं, पत्रिका काय हाय?"

*

गुरुवारी बाईंनी कागद टेबलावर ठेवला. पेशंट केदार नेर्लेकर यांच्याकडे सोपवण्यात येत आहे, असा तो कागद. सही व्हायची होती.

"मला नकोय मॅडम," केदार म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "जो माणूस तुमच्यापाशी रडला तो माझ्यापाशी येणार पण नाही. पण चौदा! सगळं उलगडून सांगितलं त्यानं, आणि चौदा! मला हे पटतच नाहीये. मी जरा ती अंगठी बघू?"

त्यानं नोंद उघडली. पाऊण तासाच्या बैठकीत काहीही नवीन नव्हतं. बाईंचा श्वास त्या अकरा मिनिटांत मिनिटाला अठरावरून नऊवर उतरत गेला होता, पायरी पायरीनं. बापूसोंचा मात्र होता तिथंच, ताठ. माणूस बसला होता, ऐकत होता, पण शरीर काही हलत नव्हतं.

"ह्यास्नी आज विनोद सांगितला तर परवा हसत्यात," नझनीन एकदम म्हणाली.

"काय?"

"त्याची बायको म्हणते ना! केदार, तुझी खिडकी केवढी आहे?"

"दहा सेकंद."

"अरे, हा माणूस तासभर काहिलीपाशी गप्प उभा राहून मग एक शब्द बोलणारा. त्याला दहा सेकंद कसले पुरतात? मोठी कर खिडकी."

"किती मोठी?"

"अंगठी बोटात होती तोवरची सगळी."

केदारनं आधी मान हलवली, असं कुणी करत नाही म्हणाला, आणि मग त्यानं तेच केलं. बाईंच्या त्या अकरा मिनिटांचा आलेख घेतला आणि बापूसोंच्या पुढच्या दीड दिवसावरून सरकवत नेला. एक तास, दोन तास, काही नाही. तीन तास, काही नाही. नोंदीत सव्वासहा वाजले होते तिथं केदार थांबला. खुर्ची पुढं ओढली.

सोमवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता बापूसोंची नाडी एकाएकी उसळली होती, भ्यायलेल्या माणसाची उसळते तशी. आणि मग अकरा मिनिटं त्यांचा श्वास उतरत गेला होता. अठरा, सोळा, बारा, नऊ. त्याच पायऱ्या, तेच थांबे. दुपारी चौथ्या मिनिटाला बाईंचा श्वास जिथं सैल पडला होता, तिथंच त्यांचाही पडला होता.

"योगायोग असेल," सुतारसर म्हणाले, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

केदारनं बाकीच्या दिवसाशी ताडून पाहिलं. दुसरीकडं कुठंही जुळत नव्हतं. मग त्यानं नेहमीच्या रीतीनं गुण काढले. एकाहत्तर.

"आपण सगळे समजतो, उपचार या खोलीतच होतो," केदार हळू आवाजात म्हणाला. "यंत्रही आपणच बनवलं, तसंच बनवलं. त्याला खोलीबाहेर बघायला सांगितलंच नाही कुणी."

"पण सव्वासहाला हा होता कुठं?" नझनीननं विचारलं.

वसुधाबाईंनी फोन उचलला. 

पलीकडं फार गोंगाट होता. चरकाची घरघर, माणसांचे आवाज. "बोला बाई!" बापूसो ओरडले.

"बापूसो, सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही काय करत होता?"

"सोमवारी? एसटीतनं उतरलो ते बाळूच्या दुकानात गेलो. सांगितलं त्याला सगळं. कडीचं."

"मग?"

"मग काय! म्हणाला, मलाबी दिसली हुती की कडी. मलाबी वाटलं, बसंल. आमी दोघंबी गुळाकडंच बघत हुतो बाई! दोन वर्सं त्यो मला त्वांड दावत नव्हता आणि मी त्याला. मग म्हणाला, चल, मी येतो संगं. गुऱ्हाळावर घिऊन आला मला, त्या पायांनी. काहिलीपाशी उभा ऱ्हायलो आणि छाती अशी उडाय लागली, म्हटलं गेलो आता. मग तुमची आठवण झाली."

"माझी? मी काय सांगितलं होतं?"

"काय न्हाई. तुमी गप बसला हुता न्हवं, तसं म्या बसलो. आधी कडी बघितली. हातानं वढून बघितली. मग रस बघितला. आणि मग दिली हाक."

 एकतीस वर्षांत वसुधाबाईंनी माणसांना किती काय सांगितलं होतं! आणि हा माणूस त्यांच्याकडून काय घेऊन गेला होता, तर त्या गप्प बसल्या होत्या ते. 

"बापूसो," त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडं जावं लागणार नाही. मी मंडळाशी भांडते. नियम बदलायला लावते. तुम्ही येत्या सोमवारी माझ्याकडेच या."

"सोमवारी?" पलीकडं बापूसो अडखळले. माणूस भिडस्त, बाईंना नाही कसं म्हणावं ते त्यांना कळेना. "त्याचं काय हाय बाई, आता हंगाम सुरू झालाय. रोज चार काहिली हायत. सोमवारी न्हाई जमायचं. फुडच्याबी न्हाई. गोळ्या मात्र घेतोय हां मी! अवो... थांबा... बाई, ठेवतो, रसाची गोळी झाली..."

आणि फोन बंद व्हायच्या आधी, घरघर आणि गोंगाट यांच्या वरून, भरदार आवाजात ती हाक वसुधाबाईंच्या कानात घुमली.

"उतरवा!"

त्यांनी फोन खाली ठेवला. तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"काय म्हणाला?" केदारनं विचारलं. "येतोय ना सोमवारी?"

"नाही," डॉ. वसुधा इंगवले म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "त्याला वेळ नाही म्हणे."